मोकळ्या घराचे मालक

घरात वस्तू कमी असल्या म्हणजे घर शांत होते, की जी माणसे मुळातच शांत असतात त्यांच्या घरात वस्तू कमी साठतात? या एका प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी हे लिहायला घेतले आहे. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नये, असे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आले. तोच नियम येथे पाळायचा आहे. पुरावा म्हणून माझ्यापाशी मुख्यतः एकच माणूस आहे: इंदापुरातले माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना ‘आबा’ म्हणे. मीही तेच म्हणेन.

प्रश्नाचा उत्तरार्ध आबांनी पहिल्याच दिवशी निकालात काढला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवायला रुजू झाले आणि खोली बघायला त्यांच्या दारात गेले, तेव्हा ते ओट्यावर उभे राहून रस्त्यापलीकडच्या सायकल दुरुस्तीवाल्याशी बोलत होते. मला वाटले, हाणामारीची वेळ आली आहे. नंतर कळले की ते त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. हळू बोलणे ही गोष्ट आबांना ठाऊकच नव्हती. ते कुजबुजले तरी शेजारच्या घरातून उत्तर येई. तेव्हा मोकळे घर हे शांत माणसाचे लक्षण आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याला मी आबांचा आवाज ऐकवीन.

घर मात्र शांत होते. बाहेरच्या खोलीत एक सतरंजी, एक खुर्ची आणि भिंतीला खुंट्या. खिडकीच्या कट्ट्यावर काहीही ठेवलेले नसे, त्यामुळे सकाळचे ऊन अडथळ्यावाचून थेट फरशीवर येई. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर घरच्यांना पुरतील एवढी ताटे-वाट्या आणि पाहुण्यांसाठी थोडी अधिक. माळा होता, पण रिकामा. पहिल्या आठवड्यात मला त्या घरात काही तरी चुकल्यासारखे वाटे. पुढे लक्षात आले की माझी नजर सवयीने कुठे तरी अडकायला बघत होती आणि तिला अडकायला जागाच सापडत नव्हती.

या मोकळेपणाचे कारण आबांनीच मला समजावून सांगितले. ते एका सहकारी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते. बेअरिंगे, पट्टे, नटबोल्ट, गळीत हंगामात एखादे यंत्र बंद पडले तर हाताशी असावेत म्हणून ठेवलेले सुटे भाग, या सगळ्यांच्या राखणीत त्यांचा दिवस जाई.

“स्टोअर म्हंजे काय, बाई?” त्यांनी एकदा मला विचारले. मी शिक्षिका असल्यामुळे प्रश्न मला विचारायचा आणि उत्तर स्वतः द्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. “ज्याची आज गरज न्हाय, ते जपायची जागा. तितं पगार मिळतो म्हणून मी जपतो. हितं मला कोण पगार देतंय? घराचं स्टोअर झालं का घरातली समदी माणसं स्टोअरकीपर होत्यात. पुसा, मोजा, उंदरापासनं वाचवा. दिसभर त्येच करून घरी येतो मी. पुन्ना त्येच?”

घरात ‘असू दे’ हे शब्द उच्चारायला बंदी होती. रिकामी बाटली, तुटक्या दांडीची छत्री, लग्नात मिळालेली प्लास्टिकची बास्केट हातात घेऊन कोणी “असू दे” म्हणाले की आबा गर्जत, “कशापायी असू दे? काम सांग तिचं!” काम सांगता आले तर ती वस्तू राही. सांगता आले नाही तर ती ओट्यावर जाई. नव्याने येणाऱ्या वस्तूलाही तोच न्याय. ती आधी ओट्यावर मुक्काम करी. घरातल्या कुणाला तिची खरोखरच आठवण झाली आणि तो उठून तिला आणायला गेला, तरच तिला उंबरा ओलांडता येई. गल्लीतल्या लोकांना हे माहीत होते. जाता-येता ते ओट्यावर नजर टाकत आणि विचारत, “आबा, ही चाळणी अजून कुणाची झाली न्हाय ना?”

वस्तूशी ते थेटही बोलत. एकदा मी शाळेतून स्नेहसंमेलनात मिळालेली फुलदाणी आणली. आबांनी ती हातात घेतली, उलटी केली, आत डोकावून पाहिले आणि तिलाच विचारले, “काय गं, काय करतीस?” फुलदाणी गप्प राहिली. “बघा बाई, तिला बी ठावं न्हाय.”

या नियमाला एकच अपवाद होता आणि तो खुद्द आबांच्या कमरेला लटकत असे. कारखान्याने स्टोअरची जुनी कुलुपे बदलली, पण त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा आबांकडेच राहिला. जगात कुठलेच कुलूप त्या किल्ल्यांनी उघडत नव्हते. आबांच्या पत्नी, ज्यांना मी मावशी म्हणत असे, संधी मिळेल तेव्हा विचारत, “आन् ह्या किल्ल्यांचं काम काय म्हणायचं?”

“वाजत्यात,” आबा शांतपणे म्हणत. त्या शब्दापुरतेच ते शांत होत.

मावशींनी या राज्यात आनंदाने संसार केला, असे मी म्हणणार नाही. त्या मूळच्या कऱ्हाटी गावच्या. माहेरी भिंतभर मांडणी, तिच्यावर घासूनपुसून झळझळीत केलेल्या घागरी आणि डब्यांच्या चळती. “आमच्या आईच्या मांडणीत तोंड दिसायचं, बाई,” त्या सांगत. “हितं काय दिसतं? भित्ताड!” पण केर काढायला बसल्या की त्यांचा हात एका दमात खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे, आणि मग दुपारी त्या सतरंजीवर पाय पसरून गाणे गुणगुणत शेंगा फोडत. तेव्हा त्यांची तक्रार कितपत खरी होती, हे मला नीट सांगता येणार नाही.

त्यांची मुलगी मंगल. बारामतीला डी.एड. करून ती नुकतीच घरी आली होती. तिथेच तिच्या वर्गात असलेल्या एका मुलाने पुढे बारामती तालुक्यातल्या शाळेत नोकरी धरली आणि घरी स्पष्ट सांगितले की लग्न करीन तर हिच्याशी. मंगलचेही तेच म्हणणे होते, फक्त तिने ते मला सांगितले आणि मी मावशींना सांगितले. जात-पात, शिक्षण, सगळे जुळत होते. अडचण कुठेच नव्हती. मग मुलाचे चुलते घर बघून गेले.

ते आले, चहा घेतला, इकडेतिकडे पाहिले, आणि जाताना फार मऊ आवाजात बोलले. आठवड्याने मध्यस्थाकडून निरोप आला. चुलत्यांनी बारामतीत जाऊन सांगितले होते, “घरात काय बी न्हाय. मांडणी उघडी, माळा उघडा. भांडीकुंडी इकून बसल्यात का काय कुणास ठावं. बुडाल्यालं घर दिसतंय.” आता मुलाची आई स्वतः येऊन पाहणार होती. तिचे जे मत होईल ते अखेरचे.

त्या संध्याकाळी मंगल माझ्या खोलीत आली आणि जमिनीवर बसली. म्हणाली, “बाई, आबांचं म्हणणं मला पटतं. लहानपणापासून पटतं. पण घर मोकळं आहे म्हणून माझं लग्न मोडलं, असं झालं तर मला ते पुन्हा कधी पटणार नाही.”

मावशींनी आबांना गळ घातली. चार घागरी शेजारून आणून मांडू, पाहुणे गेले की परत देऊ. आबांचा नकार समोरच्या घरापर्यंत ऐकू गेला. मग दोन दिवसांनी मावशी गोड आवाजात म्हणाल्या, “पाव्हणी बाईमाणूस हाय, येष्टीनं येणार. तुमी जातीनं बारामतीला जाऊन घेऊन या. मान राहील.” आबांना ते पटले. रविवारी सकाळी ते पहिल्या गाडीने निघाले.

गाडी हलली असेल नसेल, समोरच्या इंदूताई पहिली घागर घेऊन आत आल्या. मग गल्लीतल्या बायका एकेक करून येऊ लागल्या. आबांच्या ओट्यावरून वर्षानुवर्षे चाळण्या आणि बास्केटी नेणाऱ्या त्या बायकांना आज परतफेडीची संधी मिळाली होती. घागरी, कळशा, उतरत्या मापाचे डबे, परात, चकल्यांचा सोऱ्या, एक पितळी घंगाळ. कोणी भिंतीवरचे घड्याळ आणले. त्यात दर तासाला पक्षी बोले. इंदूताईंनी प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ आणला आणि तो ठेवायला जागा हवी म्हणून एक तिवईही आणली.

मंगल फळ्यांवर भांडी चढवत होती. तिच्या लक्षात आले की बहुतेक भांडी आहेराची आहेत, आणि आहेराची असल्यामुळे त्यांच्यावर नावे कोरलेली आहेत. आमच्या भागात आहेराचे भांडे देताना दुकानातच त्याच्यावर देणाऱ्याचे आणि वधूवरांचे नाव घालून घेतात.

“आई, ह्यांच्यावर सगळ्या गल्लीची नावं आहेत!”

“भित्तीकडं तोंड करून ठिव,” मावशी म्हणाल्या. “आन् मुलाची आई अंगठा लावती, मध्यस्थानं सांगितलंय. तिला कुठं वाचाय येतंय?”

“आणि आबा?” मी विचारले.

“पाव्हण्यांसमूर वरडणार न्हाईत,” मावशींनी आत्मविश्वासाने सांगितले. आयुष्यभराच्या अभ्यासावर आधारलेला तो निष्कर्ष होता.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या वाजल्या. आम्ही तिघींनी पदर सारखे केले. आबा मोठ्याने काही सांगत पुढे आले, पाहुणीला “या, या” म्हणत उंबरा ओलांडून आत शिरले, आणि थबकले. समोर स्वयंपाकघराच्या दारातून मांडणी झळझळत होती. तिवईवर फुले. घड्याळातला पक्षी नेमका त्याच वेळी ओरडला. आबांनी आमच्याकडे पाहिलेच नाही. ते वळून बाहेर गेले आणि ओट्यावर उभ्या असलेल्या पाहुणीला म्हणाले, “थांबा जरा. घर चुकलंय.”

मग त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, सायकल दुरुस्तीवाल्याकडे पाहिले. तो हसत होता. तेव्हा त्यांना खात्री पटली असावी. ते पुन्हा आत आले आणि एक शब्द न बोलता खुर्चीत बसले. मी त्यांना इतके गप्प पूर्वी कधी पाहिले नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते घर मला त्या दिवशी पहिल्यांदाच गोंगाटाचे वाटले.

मुलाची आई सावकाश बसली. अंगाने बारीक, डोळे मोठे चौकस. मंगलने तांब्या-फुलपात्र पुढे ठेवले. बाई पाणी प्यायल्या नाहीत. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला, उजेडाकडे वळवला आणि बोट ठेवून मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, “चि... सौ... कां...”

मावशींचा चेहरा उतरला. मध्यस्थाची माहिती जुनी होती. दरम्यानच्या काळात गावोगाव प्रौढांचे साक्षरता वर्ग सुरू झाले होते, बाई त्या वर्गाला जात होत्या, आणि नवीन वाचायला शिकलेल्या माणसाप्रमाणे समोर येईल ते प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचत होत्या. येताना आबांना त्यांनी रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचून दाखवली होती, हे आम्हांला नंतर कळले.

“ही चिसौकां कोण?” त्यांनी विचारले. मग उठून आत मांडणीशी गेल्या आणि एक घागर फिरवली. “चि, सौ, कां. ही बी तिचीच. आन् हा डबा बी! समदी भांडी ह्या चिसौकांचीच हायत का?”

येथे मंगलमधली शिक्षिका जागी झाली. चुकीचे वाचन ऐकून गप्प बसणे तिला जमलेच नाही. “चिसौकां हे नाव नाही हो,” ती म्हणाली. “चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. थोडक्यात लिहितात. म्हणजे नवरी मुलगी. खरं नाव पुढे असतं.”

“व्हय का!” बाईंना मनापासून आनंद झाला. बोट पुढे सरकले. “शो... भा. शोभा. आन् हितं... सु... रे... खा. हितं अलका.” त्या थांबल्या. मांडणीकडे एकदा, मंगलकडे एकदा पाहिले. “आगं, किती नवऱ्या उजवल्या म्हणायच्या ह्या घरानं?”

मावशींनी पदर तोंडाला लावला. मंगल उभी होती. आता ती काय बोलते यावर सारे होते, आणि थाप मारायला अजून जागा होती. चुलत बहिणींची भांडी आहेत, एवढे म्हटले असते तरी भागले असते.

“ही भांडी आमची नाहीत,” मंगल म्हणाली. “शोभा समोरच्या इंदूताईंची सून. सुरेखा पलीकडची. सगळं आज सकाळी मागून आणलंय. आमचं घर तुमच्या दिरांनी पाहिलं तसंच असतं. आम्ही काही विकलेलं नाही. आबांना साठवलेलं आवडत नाही, आणि मलाही नाही.”

मग खुर्चीतून आबांचा आवाज आला, त्यांच्या मानाने बराच खाली. “मोकळं घर बघून तुमचा दीर भ्याला, आन् भरल्यालं घर बघून मी भ्यालो. हिचा राग धरू नगा. पोरीची आई हाय ती.”

मुलाची आई हसायला लागली. तोंडाला पदर न लावता, खांदे हलवत हसली. “आवं, मी येष्टीत हाडं खिळखिळी करून आले कशाला? दीर म्हणला घरात काय बी न्हाय, म्हणून तर आले! मला ते बघायचं हुतं. न्या बघू ह्ये समदं ज्याचं त्याला.”

त्यानंतरचा गोंधळ मी कधी विसरणार नाही. गल्लीतल्या बायका आपापली भांडी न्यायला आल्या आणि कोणते कोणाचे यावरून वाद सुरू झाले. निवाडा पाहुणीने केला. ती उंबऱ्यात बसून एकेक भांडे वाचे आणि हाक मारी, “अलका कुणाची? घ्या!” घड्याळ गेले, तिवई गेली. दिवस कलायला लागला तेव्हा खोलीत सतरंजी, खुर्ची आणि खुंट्या उरल्या. बाईंनी पाय लांब केले, पाठ भिंतीला टेकली आणि खोल श्वास घेतला.

“माझ्या घरात हे करता येत न्हाय,” त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज वेगळा होता. “तीन जावांची लग्नं, नंदांची लग्नं, बारशी, समदा आहेर माळ्यावर. पोराच्या खोलीत डबं छताला टेकल्यात. सून आली तर तिची ट्रंक कुठं ठिवायची, ह्ये मला कळंना. काढू म्हणलं तर प्रत्येकावर नाव हाय. टाकलं तर माणूस टाकल्यागत वाटतं. अगुदर निदान नुसती भांडी हुती. वाचाय शिकले आन् समदी बोलाय लागली.”

आबांकडे यावर ठरलेले उत्तर असेल असे मला वाटले होते. “काम सांगा तिचं,” असे ते गर्जतील, म्हणून मी तयारीत होते. पण ते म्हणाले, “नाव वाचा, आन् त्या माणसाला भेटून या. भांडं मग कुणाला बी द्या. माणूस भेटला का भांड्याचं वझं ऱ्हात न्हाय.” हे ते त्याच क्षणी शिकले असावेत, असे माझे मत आहे, त्यापूर्वी मी त्यांच्या तोंडून असे काही ऐकले नव्हते.

बाईंनी मंगलला विचारले, “तुला जमंल माझं घर?”

“एकदम नाही जमणार,” मंगल म्हणाली. “एकेक फळी घेऊ. तुम्ही वाचायचं, मी उतरवायचं. तुम्ही ठेव म्हणाल ते ठेवायचं.”

“आन् मी समदंच ठिव म्हणलं तर?”

“तर माझी ट्रंक तुमच्या डोक्यापाशी.”

होकार तिथेच मिळाला, मध्यस्थाची वाट न पाहता. चुलते पुढे पुष्कळ दिवस घुमे राहिले, पण लग्नाला आले. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे आबांनी छापून घेतले. तरीही काही जण कागदात गुंडाळलेले काही तरी काखेत लपवून आलेच. आबा मांडवाच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येकाची काख तपासत होते आणि ज्याच्याकडे सापडेल त्याला जेवणाच्या पंक्तीत पहिला बसवत होते, म्हणजे त्याला वाईट वाटू नये.

वर्षभराने मी बारामतीला मंगलकडे गेले. दोन फळ्या मोकळ्या झाल्या होत्या. तिसरीवर काम चालू होते. पुढे आणखी किती राहिल्या होत्या, ते बघून मला हसू आले. सासूबाई एक डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तो देणाऱ्या सुप्याच्या मामींची गोष्ट सांगत होत्या. मंगल भाकऱ्या थापत ऐकत होती. येत्या बाजारच्या दिवशी दोघी सुप्याला जाऊन मामींना भेटणार होत्या. वारलेल्या भावाने दिलेला एक तांब्या मात्र सासूबाईंनी कुणाला द्यायचा नाही म्हणून सांगितले होते. मंगलने तो माळ्यावर न ठेवता पाणी प्यायला काढला. मला पाणी त्याच तांब्यातून मिळाले. नाव बोटांना लागत होते.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. आबा शांत नव्हते आणि बारामतीच्या सासूबाई तर दिवसभर बोलत, तरीही एक घर शांत होते आणि दुसरे हळूहळू होत चालले होते. म्हणून शांतता माणसांच्या स्वभावातून येते, हा पर्याय मी बाजूला ठेवते. वस्तू कमी झाल्या आणि त्या दोन्ही घरांत माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकायला सवड मिळाली, एवढेच मी स्वतः पाहिले. हे आवाज कमी होणे नव्हे, तरी त्यालाच शांतता म्हणावे असे मला वाटते. मात्र माझ्यापाशी फक्त दोन घरांचा आधार आहे, आणि दोन उदाहरणांवरून नियम मांडू नये हेही मीच वर्गात शिकवले आहे. तेव्हा वाचकांना विनंती की माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या घरातली एक फळी उतरवावी, घरातल्या सर्वांना विचारून ती मोकळी करावी, काही दिवस तशीच राहू द्यावी, आणि घरात काय फरक पडतो, की पडतच नाही, हे स्वतः तपासून पाहावे.